चार वाजताचं लग्न

"आम्हाला आज चार वाजता लग्न करायचंय," तो म्हणाला, "आणि मग लगेच घटस्फोट घ्यायचाय. बाई आहेत ना आत?"

दोघं दारातच उभे होते. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि कानामागे पीठ राहून गेलेलं होतं. तिने निळा रेशमी झगा घातला होता, पायांत मात्र रोजचे कामाचे बूट. त्याने दोन्ही हातांत पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं धरलं होतं, आत झोपलेलं मूल असावं इतक्या जपून. परीक्षेत पहिले आल्याची बातमी घरी सांगायला धावत आलेल्या मुलांसारखे दोघांचे चेहरे फुलले होते.

बाई म्हणजे माझी आई. आमचं ऑफिस तीन खोल्यांचं आहे. पुढच्या खोलीत काकू टाइप करतात, डावीकडे मी कोर्टाची कामं बघते आणि उजवीकडची खोली आईची. वेगळं व्हायला निघालेल्या जोडप्यांना एकत्र बसवायचं आणि कोर्टात जाण्याआधी तोडगा काढायचा, हे तिचं काम. गेल्या महिन्यात ती गेली. तिच्या भेटी काकूंनी एकेक फोन करून रद्द केल्या होत्या. ही एक राहिली होती, कारण या माणसाच्या बेकरीतला फोन दुपारी कोणी उचलत नाही.

मी त्यांना सांगितलं. एव्हाना ते वाक्य तोंडात बसलं होतं.

त्याने खोकं काकूंच्या टेबलावर ठेवलं. ती बाकावर बसली आणि बराच वेळ बुटांकडे बघत राहिली. "मागच्या वेळी बाई मला विचारत होत्या, दाढ दुखते तर काढू की ठेवू," ती म्हणाली. "मी दातांच्या कवळ्या करते ना. म्हटलं, पुढच्या वेळी बघते."

काकूंनी दोघांना पाणी दिलं.

"मग कागद करणाऱ्या त्या तुम्हीच का?" तिने अचानक मान वर करून विचारलं.

"कसला कागद?"

"बाई म्हणाल्या होत्या, आपलं बोलून झालं की कागद माझी मुलगी करेल. तिने केलेला कागद हलत नाही."

आई मला असं कधी म्हणाली नव्हती. मी काकूंकडे बघितलं, तर त्या कॉम्प्युटरच्या पडद्याआड गेल्या.

"आत या," मी म्हटलं. "आणि हे लग्नाचं काय ते नीट सांगा. पहिल्यापासून."

*

दोघं एकदमच बोलायला लागले. एकाने वाक्य सुरू करायचं, दुसऱ्याने संपवायचं आणि मग शेवट चुकला म्हणून भांडायचं. त्यातून मला कळलं ते असं.

ते आठ-नऊ वर्षं एकत्र राहिले, लग्न कधी केलं नाही. एक मुलगी आहे, सहा वर्षांची. गालात खाऊ साठवून ठेवते म्हणून तिला खारूताई म्हणतात. गेल्या वर्षापासून या दोघांचं जमेनासं झालं. मारामारी नाही, तिसरं कोणी नाही. जमेनासं झालं, एवढंच. तिला दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात काम मिळालंय. रविवारी सामान हलणार आहे आणि खारूताई तिच्यासोबत जाणार, हे दोघांना मान्य आहे.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"शाळेच्या फाटकाशी," तो म्हणाला.

सोमवारी शाळेने नवा नियम केला. मूल घरी सोडताना पालकाचं नाव नोंदीत पाहायचं. त्याचं नाव कुठेच नव्हतं. मूल जन्मलं तेव्हा हिने एकटीने जाऊन नोंद केली होती, कारण हा भट्टीवर होता. वडिलांचा रकाना कोराच राहिला. पुढे भरू, पुढे भरू, असं करता करता सहा वर्षं गेली. रोज शाळा सुटताना मुलीला आणायला येणाऱ्या माणसाला सोमवारी फाटकावरच्या बाईने विचारलं, तुम्ही तिचे कोण.

"मी म्हटलं, बाप. ती म्हणाली, दाखवा."

"मग माझी मोठी बहीण म्हणाली," तिने गोष्ट पुढे ओढली, "लग्न न केलेल्या बापाला कायद्यात काही नसतं. घटस्फोट घेतलेल्या बापाला मात्र सगळं असतं. भेटायचा हक्क, सुट्ट्या, सगळं. तिच्या शेजारच्यांचं झालंय ना."

"म्हणून आम्ही ठरवलं," तो म्हणाला, "आधी लग्न करायचं. नोंदणी कार्यालयात चारची वेळ मिळालीये. आणि मग घटस्फोट. तो तुम्ही करून द्या. रविवारच्या आत."

"केकसुद्धा केलाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, लग्न आहे शेवटी."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं आणि आवरता आलं नाही. त्यांना राग आला नाही, दोघंही हसले. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "खोक्यात केक आहे होय? आणि मी त्यावर फाइल ठेवणार होते."

हसून झाल्यावर मी सांगायला घेतलं. आमच्याकडे लग्नाला वर्ष झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज कोणी हातातसुद्धा घेत नाही. शिवाय नोंदणी करताना शपथेवर सांगावं लागतं की आम्हाला एकत्र नांदायचं आहे. तुम्ही चार वाजता खोटी शपथ घ्याल, रविवारी सामान हलवाल आणि पुढचं वर्षभर मनात नसताना नवरा-बायको म्हणून अडकून बसाल.

त्याचा चेहरा उतरला. "मग कोर्टात जातो. रक्त तपासा म्हणतो."

"जाता येतं. पण त्याला महिने लागतात, आणि तोवर खारूताई दुसऱ्या शहरात, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या फाटकाच्या आत असेल."

"म्हणजे काहीच नाही?"

"आहे की. लग्नाशिवाय आहे." आणि हे सांगताना माझाच आवाज चढला, कारण इतकी सोपी वाट इतक्या जवळ असलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. "त्याच नोंदणी कार्यालयात, लग्नाच्या खिडकीशेजारी दुसरी खिडकी आहे. तिथे आई आणि वडील दोघांनी सही केली की पितृत्वाची कबुली होते. जन्माच्या नोंदीत वडिलांचं नाव चढतं, आजच्या आज. मुलीने कुठे राहायचं, कोणी कधी भेटायचं, हे वेगळ्या करारात लिहायचं. तो करार उद्या सकाळी मी कुटुंब न्यायालयात देते. दोघांची संमती असली की न्यायाधीश त्याचा हुकूम करतात. मग तो मोडायची सोय कोणालाच नाही."

तो खुर्चीतून उठलाच. "बघ, म्हटलं नव्हतं मी? सोपं असणार. चल, आत्ताच जाऊ. चारची वेळ आहेच आपली."

ती उठली नाही. झग्याची बाही नीट करत राहिली.

"ही सही," तिने मला विचारलं, "नंतर मागे घेता येते?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"लग्न मोडता येतं," ती हळू म्हणाली. "हे मोडता येत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. आत्तापर्यंत खोलीत जे काही नाचत होतं ते थांबलं. "म्हणजे माझ्याशी लग्न चालेल," तो म्हणाला, "पण मी बाप झालेला नको."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

"तू बाप झालास आणि शनिवारी म्हणालास, मुलगी जाणार नाही, तर?"

"मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलंस. परवा. पीठ आपटता आपटता."

"ते मी पिठाला म्हटलं."

"पीठ नोकरीला चाललंय का?"

दुसरी कोणती वेळ असती तर मी पुन्हा हसले असते. पण तिची भीती खरी होती आणि ते तिला सांगणं भाग होतं. नाव चढलं की वडील म्हणून त्याला कोर्टात उभं राहता येणार, मुलगी नेण्याला हरकतही घेता येणार. आणि त्याची भीतीही तितकीच खरी. नाव नसेल तर कराराला शब्दापलीकडे किंमत नाही. तिने उद्या फोन उचलला नाही तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलासुद्धा कोणी बांधील नाही. तो जाऊन खिडकीशी उभा राहिला. ती बाही ओढत बसली. चारचं लग्न तर गेलंच होतं. आता कबुलीही हातची जाणार, हे मला दिसत होतं. अशा जोडप्यांना मी कोर्टाच्या आवारात पुष्कळ पाहिलं आहे. इथून पुढे दोघं दोन वकील करतात.

माझं टेबल मोठं आहे. त्यांच्यात आणि माझ्यात ते आडवं पडलं होतं.

"उठा," मी म्हटलं. "पलीकडच्या खोलीत बसू."

*

आईची खोली मी महिनाभर उघडली नव्हती. काकूंनी न विचारता किल्ली पुढे केली. आत कोंदट वास होता. मी खिडकी उघडली. तीन खुर्च्या एका ओळीत खिडकीकडे तोंड करून होत्या, कारण आई कोणालाच समोरासमोर बसवायची नाही. चिडलेल्या माणसाला समोरचा चेहरा बघायला मिळाला की तो त्यावरच बोलतो, असं ती म्हणायची. तिची स्वतःची खुर्ची पाटासारखी बुटकी. दोघांपेक्षा खाली बसायची ती. मी त्या खुर्चीत बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले.

तिची एक पद्धत होती आणि त्या पद्धतीची मी घरात थट्टा करायची. ती हक्क, ताबा, भेटीचे दिवस, यातलं काही आधी काढायचीच नाही. ती विचारायची मंगळवारबद्दल. सणासुदीचा नाही, सुट्टीचा नाही, असा साधा मंगळवार. मूल उठतं तेव्हापासून झोपतं तोवर कोण काय करतं. मी म्हणायची, आई, कोर्ट असल्या गोष्टी ऐकत नाही. ती म्हणायची, कोर्ट कुठे मूल सांभाळतंय.

"मंगळवारी सकाळी तिला कोण उठवतं?" मी विचारलं.

दोघांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. प्रश्न ओळखीचा होता.

"मी," ती म्हणाली. "हा पहाटेच भट्टीवर गेलेला असतो."

"केस?"

"मी. मोजे मी. डबा मी. एक मोजा रोज हरवतो, तो शोधायचा मी."

"शाळा सुटल्यावर?"

"मी आणतो शाळेतून," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "तिच्यासाठी एक पाव वेगळा भाजलेला असतो, प्राण्याच्या आकाराचा. मागच्या आठवड्यात कासव केलं होतं. तो खात खात आम्ही बेकरीपर्यंत चालत येतो."

"आणि चालताना?"

"ती बोलते."

"काय बोलते?"

"सगळं. कोण कोणाशी कट्टी, कोण रडलं, बाई कोणाला काय म्हणाल्या. तोंडात कासव असतं, अर्धं कळतं."

"आणि संध्याकाळी तुम्ही आल्यावर?" मी तिला विचारलं.

"मला नाही सांगत." तिने हे अगदी सहज सांगितलं. "विचारलं की म्हणते, काही नाही झालं. एकदा सांगून झालं की तिचं संपतं. मग हा जेवताना मला सांगतो. आठ वाजता त्याची मान पडत असते, तरी मी हलवून हलवून विचारते. ती शेवटच्या बाकावर का बसायला लागली, ते मला याच्याकडून कळलं. तिला एका पोरीने चिमटा काढला होता तेही. मला जे काही कळतं ते याच्याकडूनच..."

वाक्य तिथेच राहिलं.

आई अशा वेळी गप्प बसायची, एवढं मला माहीत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं.

"तिकडे मला कोण सांगणार?" ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, जवळजवळ ओरडूनच, "अरे, तिकडे मला कोण सांगणार?"

"मी," तो म्हणाला. "अजून कोण? शाळा सुटली की ती मला फोन करेल. मग मी तुला करेन."

"तू झोपलेला असशील."

"मग त्याआधी करेन."

"विसरशील."

"लिहा," तो मला म्हणाला. "कागदात लिहा. नाही केला तर कोर्टाने मला उभं करावं."

"हे असं कलम..." मी सुरुवात केली. कोर्टात नको ते कलम मी कधी घातलेलं नाही. मग पुढच्या खोलीतून की-बोर्डचा आवाज ऐकू आला. काकूंनी दार पुरतं लावलंच नव्हतं. त्या टाइप करत होत्या.

"काकू, काय लिहिलंत?"

"शाळा सुटल्यावर मुलगी वडिलांना रोज फोन करील," त्यांनी वाचून दाखवलं, "आणि त्यातून जे कळेल ते वडील त्याच दिवशी आईला कळवतील. पुढे?"

पुढे सगळं धावत सुटलं. मी बुटक्या खुर्चीतून सांगत होते, ती दुरुस्त करत होती, तो मधेच हरकत घेत होता आणि काकू बाहेरून ओरडत होत्या, एकेकाने बोला हो. मुलगी आईजवळ राहील. मोठ्या सुट्ट्या वडिलांकडे, पण शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा आईकडे, कारण याच्याकडून आली की तिचे केस आठवडाभर विंचरता येत नाहीत. बेकरी सोमवारी बंद असते, म्हणून एकाआड एक रविवारी दुपारी तो तिकडे जाईल, सोमवारी तिला शाळेत सोडेल, आणेल आणि रात्रीच्या गाडीने परतेल. पहाटे भट्टी कोण पेटवणार, यावर त्यांचं भांडण जुंपलं. मी म्हटलं, भट्टीवर कुटुंब न्यायालयाचा अधिकार चालत नाही. आजारपणात दोघांना कळवायचं. शाळा बदलायची तर दोघांनी मिळून. खर्चाचं कलम तर त्यांनी माझ्याआधीच मिटवून टाकलं होतं.

"आणि दोन्ही सह्या एका टेबलावर," मी तिला सांगितलं. "आधी करार. त्यावर मुलगी तुमच्याबरोबर जाणार हे त्याच्या सहीने. मग कबुली. कोणी आधी सही करून अडकायला नको."

तिने एकदा सगळं वाचलं. फोनचं कलम दोनदा वाचलं.

"आता पीठ आपट हवं तेवढं," ती त्याला म्हणाली, आणि पर्स उचलली.

*

आम्ही नोंदणी कार्यालयाचा जिना अक्षरशः पळत चढलो. केकचं खोकं माझ्या हातात होतं, कारण त्याने दोन्ही हातांत कागद धरले होते. लग्नाच्या खिडकीतल्या माणसाने निळा झगा पाहिला, पांढरा शर्ट पाहिला, खोकं पाहिलं आणि तोंडभर हसून म्हणाला, "या, या. चारचं लग्न तुमचंच ना?"

"ते रद्द," तो धापा टाकत म्हणाला. "मला बाप व्हायचंय. शेजारची खिडकी कुठली?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. "आणि या कोण?"

"वकील," मी म्हटलं.

"लग्नाआधीच?"

शेजारच्या खिडकीत एक चष्मेवाली बाई होती. तिने दोघांची ओळखपत्रं पाहिली, दोघांना वेगवेगळं विचारलं की ही सही स्वखुशीने करताय ना आणि ती मागे घेता येत नाही हे ठाऊक आहे ना. त्याने आधी करारावर सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. मग कबुलीवर. मग पेन तिच्याकडे आलं.

तिने पेन हातात धरलं. कवळ्या करणाऱ्या माणसाचा हात कधी हलत नाही. तिचाही हलला नाही.

"माझं आडनाव नीट वाचता येतंय ना?" सही झाल्यावर तिने विचारलं.

चष्मेवालीने साक्षीदाराची जागा मला दाखवली. मी तिथे माझं नाव लिहिलं. मग शिक्का पडला, आणि यंत्रातून नवी नोंद बाहेर आली. वडिलांच्या रकान्यात बेकरीवाल्याचं पूर्ण नाव होतं. तो ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. नाव चुकलं तर नाही ना हे बघत असावा.

शाळा सुटायला थोडा वेळ होता, तरी आम्ही चालतच निघालो, कारण गाडीत बसून राहणं तिघांनाही जमलं नसतं. फाटकावरच्या बाईने कागद घेतला, वाचला, शाळेच्या नोंदीत उतरवून घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "सोमवारपासून मलाच जेवण जात नव्हतं."

खारूताई बाहेर आली ती थेट त्याच्याकडे. मग तिने आईचा झगा पाहिला.

"लग्न झालं?"

"नाही," तिची आई म्हणाली.

"मग केक कोणाचा?"

"तुझा," तो म्हणाला. खोकं तिथेच, फाटकाच्या कट्ट्यावर उघडलं. पांढरा स्वच्छ केक होता, वर एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. असल्या लग्नाच्या केकवर काय लिहायचं ते त्याला सुचलं नव्हतं म्हणे. खारूताईने एका गालात मोठा तुकडा भरला, त्याचं बोट धरलं आणि पुढे चालता चालता सांगायला लागली. कोणीतरी कोणाच्या डब्यात खोडरबर टाकलं होतं. आम्ही दोघी पाच-सहा पावलं मागे होतो. आम्हाला नीट ऐकू येत नव्हतं.

"जवळ जाऊन ऐका ना," मी म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "मी गेले की थांबते ती. मला जेवताना कळेल."

मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या आईला तुम्ही सांगायचात का दिवसभराचं?"

"रोज," मी म्हटलं.

ऑफिसात परतले तेव्हा दिवे लागले होते. काकूंची जायची वेळ कधीच होऊन गेली होती. त्या पर्स मांडीवर घेऊन आईच्या खोलीत बसल्या होत्या. खिडकी अजून उघडीच होती. मी रुमालात गुंडाळून आणलेला केक त्यांच्यापुढे ठेवला.

"केली का तिने सही?"

"केली."

"एवढंच?" काकू म्हणाल्या. त्यांनी शेजारची खुर्ची थोडी सरकवली. "नीट सांग. जिना चढलात तिथपासून."

मी बसले आणि सांगायला लागले.